पोरगं अमेरिकेला चाललंय? मग तिथला एरिया कोड आधी समजून घ्या (बेळगाव-खानापूर-निपाणीवाल्यांसाठी)

जुलै-ऑगस्ट आला की आपल्याकडं टिळकवाडी, शहापूर, हिंदवाडी, वडगाव कुठल्याही गल्लीत एखाद्या घरात बॅगा भरायचं काम चालू असतं. इंजिनिअरिंग झालेलं पोरगं नाहीतर पोरगी एमएस करायला चाललेली असते आणि घरातल्या सगळ्यांचं लक्ष बॅगेचं वजन, लोणच्याची बरणी आणि कुंद्याचा डबा याच्यावर. फोन नंबरचा विचार कोणच करत नाही, तिथं गेल्यावर घेऊ की एखादं सिम, एवढंच म्हणतात. पण तिथं घेतलेला पहिला नंबर माणसाला वर्षानुवर्षं चिकटतो, बँक, घरभाडं, नोकरीचा अर्ज सगळं त्याच नंबरवर चालतं, आणि त्याच्या पहिल्या तीन आकड्यांवरनं तिथला माणूस तुम्ही कुठले हे मनातल्या मनात ठरवून टाकतो. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, जाणाऱ्या पोरांसाठी पण आणि इथनं फोन लावणाऱ्या आईबापांसाठी पण.

खरं तर आपल्या भागातल्या माणसाला हे दुसऱ्या कुणापेक्षा लवकर समजायला पाहिजे. कोल्हापुरात गाडी लावली की लोक आधी प्लेट बघतात, केए २२ म्हणजे बेळगाव, केए २३ म्हणजे चिकोडी-निपाणीकडचा, आणि मग आपण मराठीत पत्ता विचारला की समोरचा परत एकदा प्लेटीकडं बघतो. एसटीडी कोडचं पण तसंच. बेळगावचा ०८३१, आणि थोडं पुढं शिनोळीला गेलं की चंदगड तालुक्याचा ०२३२० सुरू, बाजार एकच, बोली एकच, सोयरीक एकमेकांत, पण मधनं राज्याची हद्द गेली म्हणून इकडं ०८ आणि तिकडं ०२. गोव्याचा कोड मात्र ०८३२, आपल्या अगदी पुढचा आकडा. नंबर एक सांगतो आणि जीभ एक सांगते हे आपण जन्मापासनं बघतोय, अमेरिकेत तेच तीन आकड्यांत बघायचं.

आता नंबर कसा वाचायचा ते बघू. समजा नंबर आहे +१ ४०८ ५५५ ०१४२ (हा कुणाचा खरा नंबर नाही, ५५५-०१०० ते ५५५-०१९९ एवढे नंबर तिथं सिनेमा-नाटकात दाखवायला राखून ठेवलेत). +१ हा देशाचा कोड, पुढचे तीन म्हणजे ४०८ हा एरिया कोड, मग तीन आकडे एक्स्चेंजचे आणि शेवटचे चार त्या ग्राहकाचे. इथनं लावताना +१ किंवा ००१ आणि मग पूर्ण दहा आकडे. एरिया कोडचा पहिला आकडा कधीच ० किंवा १ नसतो, २ ते ९ मधलाच असतो, त्यामुळं कुणी तुम्हाला +१ च्या पुढं ० लावून नंबर दिला तर तो चुकीचा लिहिलाय हे बघताक्षणी कळतं. आपल्याला एसटीडी कोडच्या आधी शून्य लावायची सवय आहे म्हणून घरातली मोठी माणसं हमखास तिथं शून्य घालतात, त्यांच्या फोनमधे नंबर तुम्हीच सेव्ह करून द्या.

सगळ्यात मोठा फरक पुढं आहे. आपल्याकडं नंबर ९, ८, ७ नाहीतर ६ ने सुरू झाला आणि दहा आकडी असला की मोबाइल, तो बेळगावचा की बेंगळुरूचा हे ऐकून कळत नाही, ०८३१ फक्त लँडलाइनला. अमेरिकेत मोबाइलला वेगळी सिरीजच नाही. लँडलाइन असो, मोबाइल असो, नंबर कुठल्यातरी एरिया कोडमधलाच असतो. म्हणजे आपल्याकडं ०८३१ आता दुकानांच्या जुन्या बोर्डांवर आणि लग्नपत्रिकांत दिसतो, तिथं मात्र तो कोड प्रत्येकाच्या खिशात फिरतोय. शहराची ओळख आकड्यांत टिकून राहिली ती यामुळं.

आणि +१ म्हणजे अमेरिकाच असं पण नाही. कॅनडा आणि कॅरिबियन बेटांवरचे बरेच देश याच +१ मधे येतात, टोरांटोचा ४१६, व्हँकुव्हरचा ६०४, जमैकाचा ८७६, डोमिनिकन रिपब्लिकचा ८०९. त्यामुळं +१ दिसला की लगेच "पोराचा असणार" म्हणून परत फोन लावू नका, पुढचे तीन आकडे बघा.

जुना कोड आणि नवा कोड

हे आकडे आले कुठनं हे कळलं की कुठल्या कोडला मान का आहे ते आपोआप कळतं. १९४७ साली एटी अँड टी कंपनीनं अमेरिका आणि कॅनडा मिळून ८६ एरिया कोड पाडले. तेव्हा फोन गोल डायलचे. आपल्याकडं ज्यांनी तो काळा फोन वापरलाय त्यांना आठवत असेल, १ च्या भोकात बोट घालून फिरवलं की एक टिक, ५ ला पाच टिक, ९ ला नऊ आणि ० ला दहा, ती चकती किर्र करत परत जागेवर येईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढचा आकडा. त्यामुळं जिथं सगळ्यात जास्त फोन जाणार त्या शहराला कमी टिकवाले आकडे दिले. न्यूयॉर्कला २१२, पाच टिकांत काम झालं. लॉस एंजेलिसला २१३, शिकागोला ३१२, दोन्हीकडं सहा. डेट्रॉइटला ३१३, सात. साउथ डकोटासारख्या विरळ वस्तीच्या राज्याला ६०५, एकवीस टिक. (आपला ०८३१ मोजून बघा, बरोबर २२ टिक होतात.) दुसरा नियम मधल्या आकड्याचा, ज्या राज्याला अख्ख्या राज्यात मिळून एकच कोड दिला तिथं मधे ०, आणि ज्या राज्याचे एकापेक्षा जास्त भाग पाडले तिथं मधे १. म्हणून मायामीचा ३०५ हा सुरुवातीला सगळ्या फ्लोरिडाचा होता, अटलांटाचा ४०४ सगळ्या जॉर्जियाचा आणि सिॲटलचा २०६ सगळ्या वॉशिंग्टन राज्याचा. पुढं माणसं वाढली, फोन वाढले, बाहेरच्या भागांना दुसरे कोड दिले आणि जुना कोड मूळ शहराकडं राहिला.

मधे फक्त ० किंवा १ हा नियम १९९५ पर्यंत चालला, नंतर आकडे संपले म्हणून बाकीचे आकडे पण घेतले. त्यामुळं मधला आकडा ० नाहीतर १ असला की कोड १९९५ च्या आधीचा असं धरून चाला, आणि मधे ४, ६, ७ असं काही असलं की नंतरचा. एवढ्या एका खुणेवर तुम्ही कुठलाही अमेरिकन एरिया कोड जुना की नवा ते ओळखू शकता.

नवा कोड द्यायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे भाग तोडायचा, अर्ध्या लोकांचा कोड एका तारखेपासनं बदलतो. दुसरी म्हणजे त्याच भागावर दुसरा कोड चढवायचा, जुन्यांचा जुना राहतो आणि नवीन नंबर घेणाऱ्याला नवा मिळतो, मग एकाच घरात नवऱ्याचा एक कोड आणि बायकोचा दुसरा असं पण होतं. दोन्ही पद्धतींत लोक चिडले. न्यूयॉर्कमधे १९८४ ला ब्रुकलिन, क्वीन्स आणि स्टेटन आयलंड २१२ मधनं काढून ७१८ मधे टाकले तेव्हा तिथल्या लोकांनी विरोध केला, आम्ही काय न्यूयॉर्कचे नाही का असा त्यांचा सवाल, आणि गावाच्या नावासाठी, बोर्डासाठी भांडलेल्या आपल्या माणसाला तो सवाल समजावून सांगायची गरज नाही. नंतर ९१७ आला, १९९९ ला मॅनहॅटनवर (न्यूयॉर्कचा मधला भाग, २१२ शेवटी तिथलाच उरला होता) ६४६ आला, तरी २१२ चं वजन तसंच राहिलं, आजही २१२ चे नंबर पैसे देऊन विकत घेणारे लोक आहेत.

शिकागोचं पण बघण्यासारखं आहे. १९८९ ला उपनगरांना ७०८ दिला, ३१२ शहराचा राहिला, मग १९९६ ला शहरातपण तुकडा पाडला आणि ३१२ फक्त डाउनटाउन आणि आसपासचा, बाकी सगळं शहर ७७३. अटलांटात १९९५ ला ४०४ शहराकडं राहिला आणि भोवतीच्या उपनगरांना ७७० दिला, त्यामुळं ४०४ म्हणजे आतला आणि ७७० म्हणजे बाहेरचा असं बोलणं तिथं रूढ झालं. डॅलसमधे १९९६ ला २१४ शहराला आणि उपनगरांना ९७२, तीन वर्षांनी दोन्ही एकत्र करून वर ४६९ चढवला, पण जुनी माणसं अजून २१४ म्हणजे डॅलस हेच धरून चालतात.

आपल्या पोरांना जास्त लागणारे म्हणजे बे एरियातले, म्हणजे कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को आणि त्याच्या आसपासच्या गावांचे. सॅन फ्रान्सिस्को ४१५, सॅन होजे आणि सनीव्हेल ४०८, फ्रिमाँट आणि ओकलंड ५१० (हा १९९१ ला ४१५ मधनं वेगळा निघाला), पालो अल्टो आणि माउंटन व्ह्यू ६५०. न्यू जर्सीत जर्सी सिटी २०१ आणि एडिसन ७३२. नंबर घेताना ६६९ मिळाला तर घाबरू नका, तो ४०८ च्याच भागावर २०१२ ला चढवलेला कोड आहे, तसाच ५५१ हा २०१ वर आणि ८४८ हा ७३२ वर.

मला स्वतःला या सगळ्यात कॅन्सस सिटी सगळ्यात जवळचं वाटतं. ते शहर दोन राज्यांत आहे, मधनं स्टेट लाइन रोड नावाचाच रस्ता जातो, एका बाजूला मिझुरी, कोड ८१६, दुसऱ्या बाजूला कॅन्सस, कोड ९१३, दोन्ही कोड १९४७ पासनंचे. माणसं सकाळी एका राज्यातनं निघून दुसऱ्या राज्यात कामाला जातात, बाजारहाट इकडं आणि घर तिकडं, आणि नंबर सांगितला की तू कुठल्या बाजूचा हे कळतं. शिनोळी नाहीतर कोगनोळीचा नाका रोज ओलांडणाऱ्याला हे शहर न बघता समजेल.

लोक कोडवर प्रेम करतात म्हणजे काय करतात तर त्याचा सण करतात. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी लिहितात, म्हणून १३ मार्च म्हणजे ३/१३, तो डेट्रॉइटचा दिवस. ४ एप्रिलला अटलांटात ४०४ डे, १२ एप्रिलला पिट्सबर्गमधे ४१२ डे, १४ एप्रिलला मिलवॉकीत ४१४ डे. टी-शर्ट, टोप्या, दुकानांची नावं, सगळीकडं तो आकडा. मायामीचा गायक पिटबुल स्वतःला मिस्टर ३०५ म्हणवतो. फ्लोरिडातच केनेडी स्पेस सेंटर आहे त्या ब्रेव्हार्ड काउंटीला १९९९ ला ३२१ कोड मिळाला, रॉकेट उडताना थ्री-टू-वन म्हणतात म्हणून तिथल्या लोकांनी तो मागून घेतला. पोरांनी नवीन शहरात गेल्यावर हे माहीत ठेवावं, स्थानिक माणसाशी बोलायला तेवढाच एक धागा मिळतो. आणि कोड बोलताना आकडे सुटे बोलायचे, टू-वन-टू, थ्री-वन-थ्री, आणि शून्याला झीरो न म्हणता ओ, म्हणजे फोर-ओ-फोर, थ्री-ओ-फाइव्ह. चारशेचार म्हणून कुणाला कळणार नाही.

मग नंबर कुठला घ्यायचा?

माझं मत स्पष्ट आहे, ज्या गावात पुढची दोन वर्षं राहणार त्या गावाचा घ्या. मित्र न्यू जर्सीत आहे, त्यानं एअरपोर्टवर घ्यायला येताना सिम आणून दिलं आणि पोरगं नंतर टेक्ससला गेलं, असं पुष्कळदा होतं. नंबर चालतो, पैसे जास्त लागत नाहीत, अडत काहीच नाही, पण घरमालकाला फोन केला, पार्टटाइम कामासाठी फोन केला की समोरच्याला बाहेरगावचा कोड दिसतो आणि अनोळखी कोडचा फोन तिथं लोक उचलतच नाहीत. मार्केटिंगच्या आणि फसवणुकीच्या फोननी ते वैतागलेत. गावचा कोड असला की उचलायची शक्यता वाढते.

सिम सुरू करताना कंपनी झिप कोड विचारते, म्हणजे आपला पिनकोड, त्याच्यावरनंच एरिया कोड ठरतो. म्हणून मित्राच्या घराचा झिप देऊ नका, कॉलेजचा नाहीतर आपल्या भाड्याच्या घराचा द्या. एकापेक्षा जास्त कोड असलेल्या गावात विचारून बघा, जुना कोड शिल्लक आहे का, असला तर देतात, नसला तर नवीन घ्या आणि विषय सोडा, विद्यार्थ्यानं जुन्या कोडसाठी जादा पैसे अजिबात घालू नयेत. इंटरनेटवरचे फुकट नंबर मिळतात ते मुख्य नंबर म्हणून घेऊ नका, बऱ्याच बँका अशा नंबरवर ओटीपी पाठवत नाहीत.

नंबर मिळाला की पहिले काही दिवस दुसऱ्याच कुणाचे फोन येतील. तिथं सोडलेला नंबर काही आठवड्यांनी दुसऱ्याला देतात, आधीच्या माणसानं कर्ज थकवलेलं असेल तर वसुलीवाले तुम्हाला फोन करतील. शांतपणे सांगायचं की हा नंबर आता माझा आहे, तो माणूस मला माहीत नाही, आणि स्वतःचं नाव, जन्मतारीख, काही सांगायचं नाही.

पुढं नोकरी लागून गाव बदललं की नंबर बदलायचा का? बदलू नका. २००३ पासनं तिथं मोबाइल नंबर कंपनी बदलली तरी बरोबर नेता येतो, आणि दुसऱ्या राज्यात राहायला गेलं तरी नंबर तोच चालू राहतो. त्यामुळं आज अमेरिकेत कुणाचा कोड म्हणजे तो आत्ता कुठं राहतो हे नव्हे, तर त्यानं पहिला मोबाइल कुठं घेतला ते. सिॲटलमधे दहा वर्षं राहणारा माणूस ३१३ चा नंबर सोडत नाही, कारण डेट्रॉइट त्याचं गाव आहे, आणि नवीन माणसानं तो कोड बघून "तू डेट्रॉइटचा का?" असं विचारलेलं त्याला आवडतं. आपल्या पोरांना पण पुढं तसंच होईल, जिथं पहिलं घर केलं, पहिला बर्फ बघितला, त्या गावाचा आकडा बरोबर राहील, आणि बँकेपासनं सगळीकडं नंबर बदलत बसायची कटकट पण वाचेल. कंपनी बदलताना एवढंच लक्षात ठेवा, जुनी लाइन आधी बंद करायची नाही. जुन्या कंपनीकडनं अकाउंट नंबर आणि ट्रान्सफर पिन घ्यायचा, नव्या कंपनीला द्यायचा, नंबर तिकडं चालू झाला की जुनी लाइन आपोआप बंद होते. आधी बंद केली तर नंबर गेला.

आता घरच्यांसाठी

कोड बघून वेळ काढायला शिका. न्यूयॉर्कचा २१२, जर्सीचे २०१ आणि ७३२, अटलांटाचा ४०४ हे पूर्वेकडचे, उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं आणि थंडीत साडेदहा. शिकागोचा ३१२, डॅलसचा २१४, ह्यूस्टनचा ७१३ हे मधले, साडेदहा आणि साडेअकरा. कॅलिफोर्नियाचे ४०८, ४१५, ५१० साडेबारा आणि साडेतेरा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांचं घड्याळ एक तास पुढं जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागं येतं, ॲरिझोनात (६०२, ४८०) बहुतेक ठिकाणी घड्याळ बदलत नाहीत म्हणून तिथं वर्षभर साडेबारा. आपल्याकडं सकाळी आठला, देवपूजा-चहा झाल्यावर फोन केला तर उन्हाळ्यात न्यूयॉर्कला आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेदहा आणि कॅलिफोर्नियात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, ही सगळ्यात चांगली वेळ. आपल्या दुपारी जेवण झाल्यावर निवांत म्हणून लावू नका, तेव्हा तिथं मध्यरात्र नाहीतर पहाट असते. फक्त वर सांगितलं तसं, पोरानं गाव बदललं आणि नंबर तोच ठेवला असला तर कोडवरनं वेळ काढू नका, तो आता कुठं राहतो ते नावाच्या पुढं लिहून ठेवा.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. ओळखीचा कोड दिसला म्हणजे फोन खरा असं नाही, स्क्रीनवर कुठलाही नंबर दाखवता येतो, मुद्दाम तुमच्याच एरिया कोडचा नंबर दाखवून फोन करतात. नवीन विद्यार्थ्यांना २०२ म्हणजे वॉशिंग्टनचा कोड दाखवून टॅक्स ऑफिसमधनं, इमिग्रेशनमधनं बोलतोय, लगेच पैसे भर नाहीतर पकडून नेऊ असं धमकावतात. फोन ठेवून द्यायचा आणि कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारायचं. इकडं बेळगावात पण +१ च्या नंबरवरनं व्हॉट्सॲपवर घरबसल्या कामाचे मेसेज येतात, तो नंबर जगात कुठंही बसून घेता येतो, उत्तर देऊ नका. आणि पोरगं अडचणीत आहे, पैसे पाठवा असा फोन आला तर आधी पोराच्या ठरलेल्या नंबरवर स्वतः फोन लावा.

शेवटचं काम निघायच्या आधी इथंच करायचं. इथला मोबाइल नंबर बँकेला आणि आधारला जोडलेला असतो, तो बंद पडू देऊ नका, तिथनं बँकेत काही करायचं झालं की ओटीपी त्याच्यावरच येणार. इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्या, परदेशात एसएमएस यायला पैसे लागतात का ते कंपनीला विचारा, आणि दर वेळचा रिचार्ज घरातल्या कुणाच्या तरी गळ्यात घालून जा, त्याच्या फोनमधे तारखेचा अलार्म लावून. दोन सिमचा फोन असेल तर दोन्ही नंबर एकाच फोनमधे चालतात, तिकडचं सिम ईसिम घेतलं तर इथलं सिम काढायची पण गरज पडत नाही.

घरच्यांच्या फोनमधे नंबर सेव्ह करताना +१ सकट पूर्ण घाला, नावापुढं गाव, आणि खाली रूममेटचा एक नंबर. लँडलाइन अजून असेल त्या घरात भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागं ००१ लावून हाच नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आणि त्या लँडलाइनवर आयएसडी चालू आहे का ते एकदा एक्स्चेंजला विचारून घ्या.